नऊ सेकंदांची भिंत आणि गुळगुळीत टायर

थ्रेड : ड्रॅग रेसिंगच्या इतिहासात इंजिनांची चर्चा खूप होते. मात्र या खेळातील एक 'अशक्य' मानलेली मर्यादा मोडण्यात टायरचा वाटा निर्णायक होता. त्याची ही कथा.

१/ ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ पट्टीवरची, पाव मैलाची म्हणजे सुमारे ४०२ मीटरची शर्यत. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी जुन्या गाड्यांची मोडतोड करून हा खेळ वाढवला. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली.

२/ या शर्यतीचा निकाल बहुधा पहिल्या काही मीटरमध्येच ठरतो. इंजिनात कितीही ताकद असो, ती रस्त्यापर्यंत पोहोचवते ती टायरची वीतभर जागा. पकड सुटली की चाक जागच्या जागी फिरते, धूर निघतो आणि गाडी मागे पडते.

३/ त्या काळी तज्ज्ञांमध्ये एक हिशेब प्रचलित होता. टायर आणि रस्ता यांतील घर्षण गुणांक १ पेक्षा अधिक असू शकत नाही, असे गृहीत धरले जाई. तसे असेल तर सगळे वजन मागच्या चाकांवर आले तरी गाडीचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणापेक्षा, म्हणजे दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद यापेक्षा, जास्त होणार नाही. या त्वरणाने ४०२ मीटर कापायला सुमारे ९ सेकंद लागतात. त्याहून कमी वेळ अशक्य!

४/ या समजुतीमागे घर्षणाचे जुने नियम होते. घर्षण भारावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही, असे फ्रान्सच्या आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडले होते. गुणांक १ च्या वर जाऊच शकत नाही, असे मात्र या नियमांत कुठेही नव्हते. ती भर नंतरच्यांनी घातली.

५/ शर्यतवाल्यांपुढे प्रश्न व्यावहारिक होता : टायर आणायचा कुठून? सुरुवातीचा उपाय म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर मऊ रबराचा सपाट थर चढवणे. आपल्याकडे ज्याला टायर 'रिमोल्ड' करणे म्हणतात, तोच प्रकार. फक्त वर नक्षी नाही. नक्षीच्या खाचा पावसाचे पाणी बाजूला सारण्यासाठी असतात. कोरड्या पट्टीवर त्या खाचांमुळे स्पर्शाची जागा उगाच वाया जाते.

६/ या जुगाडात धोका होता. वेग वाढला की चढवलेला थर सांगाड्यापासून सुटून उडत असे. पकड वाढवण्यासाठी निवडलेला टायरच चालकाच्या जिवावर उठू शकत होता.

७/ १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउनच्या मार्विन आणि हॅरी रिफ्चिन या पितापुत्रांनी 'एम अँड एच' नावाने खास ड्रॅग शर्यतीसाठी घडवलेले टायर बाजारात आणले. रुंद, मऊ, मुळातच गुळगुळीत. फ्लोरिडाचे डॉन गार्लिट्स हेही हे टायर वापरणाऱ्यांपैकी एक.

८/ नऊ सेकंदांची रेषा लवकरच ओलांडली गेली. १ ऑगस्ट १९६४ रोजी न्यू जर्सीतील ग्रेट मेडोज येथे गार्लिट्स यांनी पाव मैल ७.७८ सेकंदांत कापला. शेवटचा वेग २०१.३४ मैल, म्हणजे ताशी सुमारे ३२४ किलोमीटर.

९/ मग जुना नियम चुकला कुठे? तो कठीण पदार्थांना लागू पडतो. रबर त्याला पुरते जुमानत नाही. मऊ रबर डांबराच्या बारीक खडबडीत शिरते आणि त्याला चिकटतेही. शिवाय दाब वाढला की रबराचा गुणांक घटतो. म्हणून तोच भार रुंद टायरवर पसरला की पकड वाढते. शर्यतीआधी चाक फिरवून टायर तापवण्याची 'बर्नआउट'ची प्रथा रूढ झाली ती याच चिकटपणासाठी.

१०/ पुढचा टप्पा १९६० च्या दशकातच आला : बाजू सुरकुतणारा टायर, म्हणजे 'रिंकल वॉल'. पेट्रोल पंपावर मोटारीत ३०-३५ पीएसआय हवा भरतात; आजच्या टॉप फ्युएल गाडीच्या मागच्या टायरात ती ७ पीएसआयच्या आसपास असते. सुटताना टायरची बाजू दुमडते, धक्का पचवते आणि जमिनीवरचा ठसा लांबतो. वेग वाढला की हाच टायर फुगून उंच होतो. जणू आपोआप वरचा गिअर पडतो.

११/ परिणाम छायाचित्रांतही दिसतो. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातील गाड्या संपूर्ण पट्टीभर धूर सोडत धावताना दिसतात. चाकांचे ते घसरणे इंजिनाची जादा ताकद जिरवत होते. टायर घट्ट धरू लागताच तो ताण क्लच आणि अॅक्सलवर आला. म्हणून मोजूनमापून घसरणारे क्लच बनवावे लागले. धूर ओसरला.

१२/ आजही पट्टीवर टायर निवडताना हाच हिशेब करावा लागतो. आडव्या-तिरप्या थरांचा बायस-प्लाय स्लिक दुमडतो आणि सुटतानाचा धक्का सोसतो. ड्रॅग रेडियल ताठ असतो, पुढे कमी ताकद खातो, पण सुटताना गाडीची जुळणी अचूक मागतो. गाडीचे वजन, क्लच, सस्पेन्शन आणि पट्टीची अवस्था पाहिल्याशिवाय 'सर्वांत चांगला टायर कोणता' या प्रश्नाला उत्तर नाही.

१३/ नऊ सेकंदांच्या हिशेबातील आकडेमोड अचूकच होती. चूक होती ती न तपासलेल्या एका गृहीतकात, आणि ती उघडी पाडली गॅरेजमध्ये रबर हाताळणाऱ्या माणसांनी. इतिहासात 'अशक्य' हा शब्द भेटला, तर त्याखाली कोणते गृहीतक दडले आहे, हे आधी पाहावे.