मंडालेचा खर्डा : लेखनव्यवहाराची एक पुनर्मांडणी

‘गीतारहस्या’ची निर्मितिकथा मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा चमत्कारकथेच्या वळणाने सांगितली जाते : सरकारने लोकमान्य टिळकांना डांबले आणि तुरुंगाने महाराष्ट्राला एक महाग्रंथ दिला. या कथनात लेखकाऐवजी तुरुंगच कर्ता होऊन बसतो आणि लेखन हे एकांताचे आपोआप येणारे फळ ठरते. प्रस्तुत टिपणाचा प्रश्न वेगळा आहे. खंडित झालेला लेखनव्यवहार लेखक पुन्हा कसा उभारतो, आणि त्या उभारणीच्या खुणा संहितेत कोठे उरतात?

१८८७ पासून ‘केसरी’चे संपादक असलेल्या टिळकांचे मराठी लेखन दर मंगळवारच्या अंकाला बांधलेले होते. अग्रलेख हा प्रसंगाने मागितलेला आणि प्रसंगाबरोबर मागे पडणारा वाङ्मयप्रकार. त्यांचे दीर्घ संशोधनपर लेखन याच्या फटींतून झाले. ‘ओरायन’ (१८९३) आणि ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत आणि पंडितवर्गाला उद्देशून आहेत. म्हणजे १९०८ पूर्वी टिळकांच्या लेखनव्यवहाराची सरळ विभागणी दिसते : लोकांसाठी मराठी अग्रलेख, विद्वानांसाठी इंग्रजी ग्रंथ.

२२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी त्यांची रवानगी मंडालेला झाली. अग्रलेखाला आवश्यक असलेली प्रासंगिकताच त्यामुळे हिरावली गेली. मात्र यानंतर लगेच ग्रंथ अवतरला नाही. ‘गीतारहस्या’चा खर्डा १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत लिहिला गेला. म्हणजे त्यापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता. तो रिकामा नव्हता. घरच्यांना पाठवलेल्या पत्रांतून ग्रंथांची मागणी होत होती, कोठडीत पुस्तके साठत होती, जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास चालू होता, आणि मधुमेहामुळे आहारही नेमस्त ठेवावा लागत होता. लेखनाची तयारी म्हणून या गोष्टींची नोंद चरित्रकार करतात; समीक्षक मात्र त्यांना किरकोळ मानून पुढे जातात.

लेखनसाहित्यावरचे निर्बंधही येथे अर्थपूर्ण ठरतात. सुटे कागद नाहीत. बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल एवढेच हाती. सुटी पाने मागेपुढे करता येतात, बांधलेली वही ती मोकळीक देत नाही. अशा वहीत लिहिणाऱ्याला प्रकरणांचा क्रम आधी मनाशी पक्का करावा लागला असणार, असे अनुमान वावगे ठरू नये. ‘विषयप्रवेशा’पासून ‘उपसंहारा’पर्यंतच्या पंधरा प्रकरणांची जी साखळी ग्रंथात आढळते, तिच्याशी हे अनुमान जुळते.

येथे प्रेरणावादी स्पष्टीकरण अपुरे पडते, कारण ग्रंथाचा विचार मंडालेत जन्मला नव्हता. वडिलांच्या अखेरच्या आजारात, १८७२ साली, गीतेवरील प्राकृत टीका त्यांना वाचून दाखवताना गीतेशी आपला प्रथम परिचय झाला, असे टिळकांनीच प्रस्तावनेत नमूद केले आहे. गीता कर्मयोगपर आहे हे मत त्यांनी १९०२ मध्ये नागपूरच्या व्याख्यानात मांडलेही होते. सिद्धान्त होता, नव्हती ती त्याला पेलणारी रचना. मंडालेत नवे घडले ते विचारात नव्हे, मांडणीत.

या नव्या मांडणीत जुने लेखन मात्र पुसले गेले नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी सविस्तर मांडावे आणि मग एकेक मुद्दा घेऊन ते खोडावे, ही शास्त्रग्रंथांची पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची रीत. पण तिला येथे धार आहे ती अग्रलेखकाची. मिल, स्पेन्सर, कांट यांची चर्चाही संस्कृत न जाणणाऱ्या मराठी वाचकाला सोबत घेऊनच चालते. शास्त्रचर्चेसाठी मराठीची निवड, हीच या पुनर्मांडणीची सर्वांत ठळक खूण होय. अग्रलेखाचा वाचक आणि ग्रंथाचा विषय या ग्रंथात प्रथमच एकत्र आले.

म्हणून तुरुंगाचे आभार मानण्याचे कारण नाही. त्या सहा वर्षांत टिळकांची लेखणी ‘केसरी’ला पारखी झाली. १९१२ मध्ये पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांना कोठडीतच ऐकावी लागली. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली, तरी खर्डा सरकारच्या ताब्यातच होता. तो नंतर परत मिळाला. आवश्यक ग्रंथ जवळ नसल्याने अपुरी राहिलेली स्थळे सुटकेनंतर भरून काढावी लागली आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. तुरुंगाने अवकाश दिला असे म्हणताना त्याने ग्रंथालय हिरावले होते, हेही सांगितले पाहिजे.

निर्मितिप्रक्रियेचा विचार आपल्याकडे प्रतिभा आणि प्रेरणा या दोन पदांभोवतीच फिरत आला आहे. वही, पुस्तकांची यादी, प्रकरणांचा क्रम आणि अपेक्षित वाचक ही पदे त्यात क्वचितच येतात. लेखकाचे नूतनीकरण विश्रांतीने होत असेलही. पण मंडालेचा खर्डा दाखवतो ते असे की, त्या विश्रांतीला व्यवस्थेची जोड मिळाल्यावाचून जुना विचार नवा ग्रंथ होत नाही.