मोल्सवर्थ नावाचं गाव

आमच्या बडोद्याच्या घरात मोल्सवर्थ हा माणूस नव्हता, वस्तू होती. "जरा मोल्सवर्थ काढ," असं वडील म्हणाले की कपाटाच्या खालच्या फळीवरून तो जाडजूड ग्रंथ दोन्ही हातांनी उचलून आणायचा, हे माझं काम. पुण्याच्या शुभदा-सारस्वतनं १९७५ साली काढलेली, ना. गो. कालेलकरांची प्रस्तावना असलेली ती प्रत. घराबाहेर गुजराती, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. मराठीचा काही अडला शब्द निघाला की मोल्सवर्थ. कित्येक वर्षं माझी समजूत अशी होती, की शब्दकोशाला इंग्रजीत मोल्सवर्थ म्हणतात.

पुढे भाषांतराच्या कामाला लागल्यावर त्या कोशाशी रोजचा संबंध आला, आणि एके दिवशी मनात आलं की हे आडनाव आलं कुठून? स्मिथ, ब्राउन, टेलर ही नावं पावलोपावली भेटतात. मोल्सवर्थ मात्र मला एकच माहीत होता. आडनाव खरोखरच विरळ आहे. पण विरळ नावांची एक गंमत असते. नाव फार पसरलेलं असलं की त्याचा माग काढणं अशक्य होतं. चांभार गावोगावी असतो, लोहार गावोगावी असतो, आणि त्यांची नावं गावोगावी स्वतंत्रपणे जन्माला येतात. विरळ नावाचा धागा मात्र बहुधा एकाच गाठीपाशी जाऊन थांबतो.

ही गाठ केंब्रिजशरमध्ये आहे. मोल्सवर्थ हे तिथलं एक लहानसं खेडं. १०८६ सालच्या डूम्सडे बुकात त्याची नोंद आहे. तेव्हा आणि पुढे जवळजवळ नऊशे वर्षं ते हंटिंग्डनशर परगण्यात होतं. १९७४ साली इंग्लंडच्या परगण्यांची फेररचना झाली तेव्हा हंटिंग्डनशरच केंब्रिजशरमध्ये विरून गेलं. 'वर्थ' म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली वस्ती. आपल्याकडची वाडी म्हणा. आणि ही वाडी कुणाची, तर मूल नावाच्या कुणा माणसाची. 'मूल' म्हणजे खेचर. हे टोपणनाव असावं, पण हिणकस नव्हे, कारण केंटमध्ये या नावाचा एक राजाही होऊन गेला. ६८७ साली त्याला लोकांनी जाळून मारलं. मला मात्र लगेच आठवला आपला विसोबा खेचर. नामदेवांच्या गुरूचं नाव आणि कोशकाराच्या आडनावातला पहिला भाग एकाच जनावरापाशी यावेत, याला काही अर्थ नाही. पण असल्या निरर्थक योगायोगांवरच या नादाची माणसं जगतात.

म्हणजे मोल्सवर्थ हे आपल्या 'कर' लावलेल्या आडनावासारखं आडनाव. आणि त्याचा नियमही तोच. सगळेच जिथे चिपळूणचे, तिथे चिपळूणकर कोण म्हणणार? गाव सोडून दुसरीकडे वस्तीला गेल्यावरच गावाचं नाव माणसाला चिकटतं. (आपल्याकडे वतनामुळे याला अपवाद आहेत, ते तूर्त बाजूला ठेवू.) इंग्लंडात १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर आधी जमीनदारांना अशी नावं लागली, मग चौदाव्या शतकापर्यंत हळूहळू सामान्यांनाही. तेव्हा मोल्सवर्थ आडनावाचा पहिला माणूस मोल्सवर्थ गावातून बाहेर पडलेला होता, एवढं त्या नावावरूनच कळतं. हे घराणं पुढे शेजारच्या नॉर्दम्प्टनशरमध्येही दिसतं, आणि तिथून त्याच्या दोन मोठ्या फांद्या निघतात. एक कॉर्नवॉलला, एक आयर्लंडला.

इंग्लंडात आडनावांचे नकाशे काढणारी मंडळी आहेत. १८८१ च्या खानेसुमारीची हस्तलिखित पानं हजारो स्वयंसेवकांनी नकलून काढली, त्यामुळे कोणतं आडनाव कोणत्या परगण्यात किती दाट आहे हे आता पाहता येतं. एकेका आडनावाला आयुष्य वाहिलेल्या लोकांची १९७९ पासून एक संघटनाही आहे. पण या खुळाची सुरुवात त्याच्याही आधीची. फ्रान्सिस गाल्टनला १८७३ च्या सुमारास एक प्रश्न पडला होता : थोरामोठ्यांची आडनावं नष्ट का होतात? त्यांचं रक्त दुबळं होतं म्हणून की काय? हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्यानं त्याचं गणित मांडलं. कुणाला दोन मुलगे, कुणाला एक, कुणाला एकही नाही. केवळ या सोडतीमुळेच पिढ्यांमागून पिढ्या बहुतेक आडनावं विझत जातात, त्याला दुबळेपणा लागत नाही, असा त्या गणिताचा रोख. पुढे अणुभट्टीतल्या साखळी-प्रक्रियेच्या अभ्यासातही हेच गणित उपयोगी पडलं. मुलींकडून चालणारा वंश यात मोजलाच जात नाही, हे सांगायला नकोच.

मोल्सवर्थ या सोडतीत टिकले. कॉर्नवॉलच्या फांदीचं घर म्हणजे बॉडमिनजवळचं पेनकॅरो. एलिझाबेथ राणीच्या काळात यांचा पूर्वज तिथल्या डचीचे हिशेब पाहायला गेला, हेंडर नावाच्या घराण्यातली मुलगी केली आणि तिथलाच झाला. त्या आईकडच्या आडनावाचं पुढे पहिलं नाव झालं : हेंडर मोल्सवर्थ. हा हेंडर जमैकाचा हंगामी गव्हर्नर होता, आणि आफ्रिकेतून गुलाम आणून विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला अडत्याही. १६८९ साली त्याला बॅरोनेट केलं गेलं आणि त्याच साली तो मेला. घराण्याच्या 'सर' या उपाधीचा उगम असा आहे.

त्याच घराण्यातला आठवा बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ. जन्म १८१०. कडवा सुधारणावादी. हॉब्जचे समग्र ग्रंथ संपादून त्यानं स्वतःच्या खर्चानं छापले. आजही अभ्यासकांना ती आवृत्ती चाळावी लागते. ऑस्ट्रेलियात कैदी पाठवण्याच्या पद्धतीची चौकशी करायला १८३७ साली पार्लमेंटनं समिती नेमली, तिचा हा अध्यक्ष. कैद्यांना मळेवाल्यांकडे राबायला देणं ही गुलामीच आहे, असा त्या समितीचा सूर होता. हेंडरच्या वारसानं असं म्हणावं, याची नोंद इतिहासकार सहसा घेत नाहीत. मला ती घ्यावीशी वाटते. १८५५ साली विल्यम वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांतच वारला. मंत्रिपदापेक्षा त्याचं नाव एका झाडाशी जास्त जोडलेलं आहे. त्याच्या बागेत चिलीहून आलेलं एक काटेरी आरोकेरिया लावलं होतं. ते पाहून एक वकील पाहुणा म्हणाला, यावर चढायचं तर माकडालाही कोडं पडेल. तेव्हापासून इंग्रजीत त्या झाडाचं नाव मंकी पझल.

आयर्लंडच्या फांदीचा मूळपुरुष हा क्रॉमवेलच्या काळात डब्लिनमध्ये पैसा केलेला व्यापारी. त्याचा मुलगा रॉबर्ट बापाच्या मृत्यूनंतर १६५६ साली जन्मला. तो डेन्मार्कला वकील म्हणून गेला, तिथे दरबाराशी बिनसलं, आणि परत येऊन त्यानं १६९४ साली डेन्मार्कवर एक पुस्तक लिहिलं. एक स्वतंत्र राष्ट्र बघता बघता एका राजाच्या मुठीत कसं गेलं, हा त्याचा विषय. डेन्मार्क चिडलं, युरोपभर पुस्तक खपलं. १७१६ साली हा रॉबर्ट पहिला व्हायकाउंट मोल्सवर्थ झाला. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ च्या रामिलीच्या लढाईत मार्लबरोचा अंगरक्षक अधिकारी होता. ड्यूक घोड्यावरून पडला, शत्रू अंगावर येत होता, तेव्हा यानं स्वतःचा घोडा त्याला दिला. डब्लिनमधला मोल्सवर्थ स्ट्रीट याच घराण्याच्या जमिनीवर वसला.

आता नकाशा पाहा. डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट जिथे संपतो तिथे समोर लेन्स्टर हाउस उभं आहे, आयर्लंडची संसद. आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडची संसद आहे तीही मोल्सवर्थ स्ट्रीटवरच. हा रस्ता कॉर्नवॉलवाल्या सर विल्यमच्या नावाचा. न्यूझीलंडमध्ये वसाहत करणाऱ्या कंपनीत तो होता आणि त्याचा भाऊ फ्रान्सिस पहिल्या वसाहतकऱ्यांबरोबर तिथे गेला. वेलिंग्टन बंदराच्या तोंडाशी जे भूशिर आहे, त्याचं नाव पेनकॅरो. एका खेड्याच्या नावाचे दोन रस्ते, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन फांद्यांनी दोन संसदांच्या दारात नेऊन ठेवले. माओरींच्या जमिनीवर तो रस्ता कसा आखला गेला, ती कथा मोल्सवर्थांची एकट्याची नाही, पण त्यांचीही आहे.

खुद्द गावाच्या वाट्याला काय आलं? विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं मोल्सवर्थहून उडत. १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, तेव्हा शांततावाद्यांनी तळाबाहेर तंबू ठोकले, जमिनीत गहू पेरला. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत सैन्य आणि पोलीस घालून त्यांना उठवलं गेलं आणि सभोवार तारेचं कुंपण उभं राहिलं. 'वर्थ' म्हणजे कुंपणाची वस्ती, हे मघाशी सांगितलंच.

इंग्रज वाचकाला मात्र मोल्सवर्थ म्हटलं की यातलं काहीच आठवत नाही. त्याला आठवतो नायजेल मोल्सवर्थ. जेफ्री विलन्सनं लिहिलेला आणि रॉनल्ड सर्लनं चितारलेला १९५३ सालचा शाळकरी द्वाड पोरगा, ज्याला एकही शब्द धड लिहिता येत नाही. पहिल्या पुस्तकाच्या नावातच 'स्कूल' हा शब्द चुकीच्या स्पेलिंगनं लिहिलाय. ती चूक देवनागरीत दाखवायची सोयच नाही. आपल्याकडे दोन्हीचं स्कूलच होतं. एकाच आडनावाचा एक मराठीला शब्द तोलून देणारा आणि दुसरा इंग्रजीची हाडं मोडणारा.

भारतात आलेल्या मोल्सवर्थांपैकी दोघांची पुस्तकं झाली. दुसरा सर गिल्फर्ड मोल्सवर्थ, सरकारी रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर. सिंधू नदीवरचा अटकचा पूल, १८८३ साली खुला झालेला, त्याच्या आराखड्यावरचा. त्यानं सूत्रं आणि कोष्टकांचं खिशात मावणारं एक पुस्तक केलं होतं. इंजिनिअर लोक एकमेकांना 'मोल्सवर्थ दे रे' म्हणत तेव्हा ते पुस्तक मागत असत. तो भारतात आला १८७१ साली. त्याच साली आपला मोल्सवर्थ इंग्लंडात वारला.

आपला, म्हणजे जेम्स टॉमस. त्याला आपण अजून एकेरीतच बोलावतो, हे मला आवडतं. जन्म १७९५, कोवळ्या वयात कंपनीच्या सैन्यात भरती. शब्द गोळा करण्याचा नाद लागला, आणि मुंबई सरकारनं ब्राह्मण पंडितांची मदत देऊन त्याला त्याच कामावर बसवलं. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला. शिपाईगिरी आणि ख्रिस्ताची शिकवण एकत्र नांदत नाहीत असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं सैन्य सोडलं. इंग्लंडला परतला, दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा आला, आणि १८५७ साली, उत्तरेत बंड पेटलेलं असताना, सुमारे साठ हजार शब्दांची ती आवृत्ती मुंबईत बाहेर पडली. कँडी बंधूंचं साह्य होतं, हे मुखपृष्ठावर आहे. बोलताना आपण कँडींना वगळतो.

आणि पंडितांना तर वगळतोच. १८३१ च्या दोन वर्षं आधी, १८२९ साली, शास्त्रीमंडळींचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' छापला गेला होता. मराठीचे अर्थ मराठीतच देणारा. नावं अशी : जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले. यातले फडके, जोशी, गोडबोले माझ्या ओळखीत डझनभर आहेत. घगवे एकही नाही. क्रमवंतही नाही. क्रमवंत हे आडनाव वेदांच्या क्रमपाठावरून आलेलं दिसतं. दोन दोन पदं जोडत, मागचं पुढच्यात गुंफत म्हणायची ती रीत. शब्द पाठ ठेवणाऱ्यांच्या कुळातला माणूस शब्द लिहून काढायला बसला होता. त्याच्या नावाचा रस्ता मी कुठेही पाहिलेला नाही.

बडोद्याची ती प्रत आता माझ्याकडे आहे. पुठ्ठा सुटलाय, कण्यावरची अक्षरं निम्मी उडालीत, तरी 'मोल्सवर्थ' वाचता येतं. गेल्या महिन्यात ती बांधायला दिली. बांधणाऱ्यानं विचारलं, कण्यावर काय नाव घालायचं? मी कागदावर सहाही शास्त्र्यांची नावं लिहून पाहिली. तेवढी जागा नव्हती. "मोल्सवर्थच घाला," म्हटलं, आणि पहिल्या कोऱ्या पानावर क्रमवंतांपासून सुरुवात करून उरलेली स्वतःच्या हातानं लिहिली.