कपाशीचें मूळ

सन १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस एकाएकीं सोन्याचें मोल आलें. अमरावती, अकोला, खामगांव येथील बाजारांत भावाची व धाग्याची चर्चा पुष्कळ झाली. पऱ्हाटी ज्या मुळावर उभी असते त्याच्या अंतरंगाकडे मात्र फारसें कोणी पाहिलें नाहीं. १८६५ त युद्ध संपलें, भाव कोसळले. आणि योगायोग असा कीं, त्याच वर्षीं रॉबर्ट कास्पारी ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें मुळाच्या आंतील एका सूक्ष्म पट्टीचें वर्णन प्रसिद्ध केलें.

तिचा वऱ्हाडाशीं संबंध काय? कपाशीचें कोवळें मूळ आडवें कापून सूक्ष्मदर्शकाखालीं धरावें. सर्वांत बाहेर एकपदरी त्वचा. तिच्याच पेशींचे लांब फुगवटे म्हणजे मूलरोम. मातींतील पाणी व क्षार ह्यांच्या द्वारें आंत येतात. पुढें सैल पेशींचा जाड थर, आणि मग अंतस्त्वचा. हिच्या पेशी विटांसारख्या एकमेकींस चिकटलेल्या असून त्यांच्या भिंतींभोंवतीं कास्पारीची ती जलाभेद्य पट्टी फिरलेली असते. भिंतीभिंतींतून झिरपत आलेल्या पाण्याची वाट तेथें बंद होते. पुढें जावयाचें तर जिवंत पेशीच्या आंतून, जणूं नाक्यावर झडती देऊनच, जावें लागतें. मध्यभागीं काष्ठाच्या जलवाहिन्या, आणि त्यांच्या आड आड अन्न खालीं आणणाऱ्या रसवाहिन्या.

हा नाका चुकविणारा एक चोर आहे. मुळाच्या टोकाशीं, जेथें अंतस्त्वचा अद्याप पक्की झालेली नसते तेथून, किंवा एखाद्या जखमेंतून, फ्युजेरियम नांवाची बुरशी शिरते व जलवाहिन्या गांठते. वाहिन्या तुंबतात; पायाखालीं ओल असतांना पऱ्हाटी तहानेनें मरते. हाच मर रोग. मूळ उभें चिरलें तर काष्ठांत तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. ॲटकिन्सन यांनीं १८९२ त अमेरिकेंत ह्या बुरशीचें वर्णन केलें. तिकडे ती रेताड, आम्ल जमिनींत माजते. इकडे भारी, अल्कधर्मी काळींत. आणखी नवल हें कीं, इकडील बुरशी देशी कपाशीवर तुटून पडते, अमेरिकन जातींस सहसा शिवत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मध्यप्रांतांत मर लागलेल्या शेतांसाठीं बुरी ही मूळची अमेरिकन जात पुढें आली, ती ह्याच गुणामुळें.

रोगट मुळें जमिनींत राहिलीं तर बुरशी वर्षानुवर्षें टिकते. पऱ्हाट्या उपटून चुलींत घालण्याची वऱ्हाडी घरांची चाल सरपणासाठीं पडलेली. तिनें तो सांठाही थोडाबहुत घटे. अकोल्यास १९६९ त कृषि विद्यापीठ स्थापन झालें व देशी कपाशीच्या सुधारलेल्या जातींचें काम तेथें चाललें. आज वऱ्हाडांत बहुतेक पेरा अमेरिकन वंशाच्या संकरित बियाण्याचा आहे, म्हणून मर रोगाचें नांव पूर्वीइतकें ऐकूं येत नाहीं. देशी कपाशीकडे पुन्हा वळणाऱ्यानें मात्र सुकलेलें पहिलें झाड उपटून त्याचें मूळ चिरून पाहावें.