तिकीट, हिरा आणि मेणबत्ती

१८१२ साल नुकतेच उजाडले होते. लंडनच्या ब्लँडफर्ड स्ट्रीटवर रीबो नावाच्या गृहस्थाचे पुस्तकविक्रीचे आणि बांधणीचे दुकान होते. तिथे एका लोहाराचा मुलगा सात वर्षांची उमेदवारी पुरी करत आला होता. आलेले पुस्तक बांधण्याआधी वाचून काढायचे, विज्ञानाचे काही कानावर पडले की सुबक अक्षरात टिपून ठेवायचे, ही त्याची खोड. त्याची टिपणवही रीबोच्या हातून विल्यम डान्स या पियानोवादकाच्या घरी पोचली. डान्स यांनी ती पाहिली आणि मुलाला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. सज्जात, घड्याळाच्या वरच्या अंगाला बसून त्याने ती ऐकली, सविस्तर उतरवली, सोबत आकृत्या काढल्या आणि हातचे कसब लावून तीनशेवर पानांची ती वही स्वतः बांधून डेव्हींकडे धाडली. १ मार्च १८१३ रोजी तो तिथेच मदतनीस म्हणून रुजू झाला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, राहायला माळ्यावर दोन खोल्या, वर जळण आणि मेणबत्त्या. या मुलाचे नाव मायकेल फॅरडे.

आज दिवाळी किंवा नाताळ जवळ आला की घरात पंधरा-सोळा वर्षांचे मूल असलेल्या आईबापांना कोडे पडते. मोबाइल आहे, बूट आहेत, कपाटाचे दार लागत नाही. मग कुणीतरी सुचवते, वस्तू नको, अनुभव द्या. गडावरचा मुक्काम, नाटकाचे तिकीट, कुंभाराच्या चाकावरचा एक दिवस. सूचना आजची वाटते, पण तिचा माग काढत निघालो तर फॅरडेच्या तिकिटापाशीही आपल्याला थांबता येत नाही. अजून मागे जावे लागते.

सणाला भेट द्यायची चाल फार जुनी. डिसेंबरातल्या सॅटर्नेलियाला रोमन लोक एकमेकांना भेटी देत. पहिल्या शतकातल्या मार्शल या कवीने अशा भेटींसोबत द्यायच्या दोन-दोन ओळींचा अख्खा संग्रह रचला. त्यात लेखनपाट्या आहेत, दिवे आहेत, फासे आहेत. भेट म्हणजे हातात ठेवायची गोष्ट, हे तेव्हा गृहीतच होते. वाढत्या वयाच्या मुलाला अनुभवच द्यायचा, ही रीत ठळकपणे दिसते ती सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्रज सरदारघरांत. रिचर्ड लॅसल्स या धर्मगुरूच्या इटलीप्रवासावरील पुस्तकात, १६७० साली, ‘ग्रँड टूर’ हे नाव छापून आले. सरदारपुत्राने शिक्षकाच्या देखरेखीखाली पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम पाहून यायचे आणि मगच त्याला कर्ता पुरुष मानायचे, असा तो प्रघात.

या शिक्षकांतल्या एकापाशी आपण जरा रेंगाळू. १७६४ साली ॲडम स्मिथ यांनी ग्लासगोतली प्राध्यापकी सोडली आणि सतरा वर्षांच्या ड्यूक ऑफ बक्लूला घेऊन ते फ्रान्सला गेले. मोबदला होता वर्षाला तीनशे पौंड, तोही तहहयात. तूलूज शहरात ओळखीपाळखी होईनात, दिवस सरेना, तेव्हा वेळ घालवण्यासाठी आपण एक पुस्तक लिहायला घेतल्याचे त्यांनी मित्राला कळवले. पुढे १७७६ साली ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ प्रसिद्ध झाले. त्यातच स्मिथ यांनी या प्रवासांवर कोरडे ओढले आहेत. सतरा-अठराव्या वर्षी परदेशी धाडलेला मुलगा एकविसाव्या वर्षी परततो तो अधिक गर्विष्ठ आणि अधिक उधळ्या होऊन, आणि मुलगा नजरेआड राहावा एवढ्याचसाठी बाप त्याला धाडतो, असा त्यांचा रोख. अनुभवाच्या भेटीवरची ही टीका अडीचशे वर्षांची झाली, तरी तिची धार गेलेली नाही.

आता पुन्हा फॅरडेकडे वळू. १८१३ च्या ऑक्टोबरात डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले. त्यांच्या खासगी नोकराने ऐनवेळी माघार घेतली, म्हणून मदतनिसाबरोबर नोकराचेही काम फॅरडेच्या गळ्यात पडले. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखेच वागवत. तरी या वळणाचे मोल मोठे. सरदारपुत्रांसाठी घडलेली वाट एका लोहाराच्या पोराच्या पायाखाली आली होती. १८१४ च्या मार्चमध्ये फ्लॉरेन्सला टस्कनीच्या ड्यूकचे प्रचंड भिंग त्यांना मिळाले. त्यांनी प्राणवायू भरलेल्या काचपात्रात हिरा ठेवून त्यावर ऊन एकवटले. हिरा पेटला, जळत जळत लहान झाला आणि मागे उरला कार्बन डायऑक्साइड. जगातली सर्वांत मौल्यवान म्हणावी अशी भेटवस्तू कोळशाचीच सख्खी बहीण आहे, हे त्या तरुणाने डोळ्यांनी पाहिले.

फॅरडे यांनी आपल्याला मिळालेल्या तिकिटाची परतफेड केली, ती दुसऱ्याच मुलांना. १८२५ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत तरुण श्रोत्यांसाठी व्याख्यानमाला सुरू झाली. सुट्टीतल्या मुलांना खेळणे न देता एक दुपार द्यावी, ही कल्पना इथे संस्थेच्या रूपात उभी राहिली. १८२७ ते १८६० या काळात फॅरडे यांनी एकट्याने अशा एकोणीस माला गुंफल्या. २७ डिसेंबर १८५५ रोजी प्रिन्स अल्बर्ट आपल्या दोन मुलांना घेऊन समोर बसले होते. त्यांतला थोरला, पुढचा सातवा एडवर्ड, तेव्हा चौदा वर्षांचा होता. शेवटची माला मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावर होती. पगाराचा भाग म्हणून मेणबत्त्या मिळवणाऱ्या माणसाने एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर ही माला आजतागायत चालू आहे.

पण ही माला सुरू झाली त्याच दशकात बाजारही जागा झाला होता. १८२२ च्या अखेरीस रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी लंडनमध्ये भेट देण्यासाठीच सजवलेले वार्षिक काढले. १८२३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात सेंट निकोलसवरची ती प्रसिद्ध कविता छापून आली आणि नाताळच्या आदल्या रात्री मुलांच्या मोज्यांत खेळणी भरणारा म्हातारा घरोघरी पोचला. या लाटेचा एक शिंतोडा मराठीवरही उडाला, आणि तो आपल्या भाग्याचा. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक डोळ्यांपुढे ठेवून का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. वस्तू आणि अनुभव यांच्यामधली भिंत किती पातळ असते, ते फराळाचे ताट शेजारी ठेवून दिवाळी अंक वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

इकडे बंगालमध्ये, १८७३ साली, अकरा वर्षांच्या रवींद्रनाथ ठाकुरांची मुंज झाली. गोटा केलेल्या डोक्याने शाळेत जायचे कसे, या चिंतेत मुलगा असताना वडील देवेंद्रनाथ यांनी त्याला बोलावून हिमालयात येतोस का, एवढेच विचारले. शांतिनिकेतन, अमृतसर करत बापलेक डलहौसीच्या डोंगरात पोचले. वाटेत देवेंद्रनाथांनी पैशांची पेटी मुलाच्या स्वाधीन केली आणि आपल्या सोन्याच्या घड्याळाला किल्ली देण्याचे कामही त्याच्यावर सोपवले. मुलाने इतक्या उत्साहाने किल्ली दिली की घड्याळ दुरुस्तीला कलकत्त्याला धाडावे लागले. रवींद्रनाथांनी ही हकिकत ‘जीवनस्मृती’त सांगितली आहे. स्मिथ यांनी रंगवलेला बाप मुलाला दूर धाडत होता, हा बाप मुलाला सोबत घेऊन निघाला.

‘जीवनस्मृती’ १९१२ साली पुस्तकरूपात आले. त्याच साली न्यूयॉर्कमध्ये एक विसरले गेलेले बंड झाले. दुकानांत काम करणाऱ्या मुली तुटपुंज्या पगारातून सुट्टीतल्या सहलीसाठी दर आठवड्याला थोडे पैसे एका निधीत टाकत. नाताळ आला की वरिष्ठांच्या भेटीसाठी वर्गणी काढली जाई, आणि नाही म्हणायची सोय नसे. निधीशी निगडित एलिनॉर बेल्मॉन्ट आणि ॲन मॉर्गन यांनी मग निरुपयोगी भेटींना आळा घालणारी संस्था काढली. थिओडोर रूझवेल्टही तिचे सभासद झाले. डोंगरावरच्या आठ दिवसांचे पैसे साहेबाच्या भेटीत जाऊ नयेत, एवढाच खरा मुद्दा होता.

त्यानंतरचा रस्ता आपण भरभर चालू. १९८९ साली ब्रिटनमध्ये रेचल एल्नॉ यांनी ‘रेड लेटर डेज’ ही कंपनी काढली. शर्यतीची मोटार चालवण्यासारखे अनुभव ती खोक्यात घालून विके. अनुभवालाच वस्तूचे रूप आले, त्याला किंमतपट्टी आणि मुदत चिकटली. २००३ साली व्हॅन बोव्हन आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी, वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेला खर्च माणसाला अधिक सुख देतो, असे मांडले. २०२० साली लॅन न्गुयेन चॅप्लिन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने त्यात वयाची अट घातली. तीन ते बारा वर्षांच्या मुलांना वस्तूच अधिक आनंद देतात, पारडे फिरते ते त्यानंतर. अनुभव संपल्यावरही त्याचा आनंद टिकायचा तर आठवण पक्की हवी आणि दुसऱ्याचे मन ओळखता यायला हवे. या दोन्ही गोष्टी वयाबरोबरच येतात.

मराठी घराला याचे नवल वाटू नये. दिवाळीत अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला उभा राहतो. दगड रचायचे, चिखलाने लिंपायचे, अळीव पेरून हिरवळ उगवेल याची वाट पाहायची. सण सरला की त्याची पुन्हा माती होते. तो करणारे पोर तेरा-चौदाचे झाले की मातीचा किल्ला धाकट्यांच्या हवाली करते आणि त्याला खरा गड चढावासा वाटू लागतो. तेव्हा त्याच्या नावाने शिबिराचे पैसे भरता येतात किंवा पहाटेच्या एसटीत त्याच्या शेजारी बसता येते. पहिल्यात स्मिथ यांनी हेरलेला बाप डोकावण्याची भीती असते, दुसऱ्यात देवेंद्रनाथांची सोबत असते. डान्स मात्र फॅरडेसोबत सज्जात बसायला गेले, असे कुठे दिसत नाही. त्यांनी सोबतीहून लहान दिसणारे एक काम केले होते. तिकिटे देण्यापूर्वी त्यांनी त्या मुलाची वही उघडून पाहिली होती.