कार्यालयातली सागवानी आलमारी

सोसायटीच्या कार्यालयात शिरल्यावर डाव्या हाताला जी सागवानी आलमारी दिसते, ती वयानं माझ्याहून मोठी आहे. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची, मी पंच्याहत्तरीचा. स्मरणिकेसाठी काही लिहा असं सचिव म्हणाले, तेव्हा तिचीच हकीकत सांगावीशी वाटली.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. नागपूरची राजधानी गेली. मध्यप्रदेशची भोपाळला झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. सचिवालयातली कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड बांधून निघाली. माझे वडील तिथेच कारकून होते, पण ते नागपुरातच राहिले. भोपाळला निघालेल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी ही आलमारी पंचेचाळीस रुपयांत घेतली.

सागवानाची पारख मला पुढे बँकेत आली. लकडगंजमधल्या आरा मशीनवाल्यांची कर्जप्रकरणं माझ्याकडे असत. स्टॉक तपासायला गेलो की बल्लारशाह, आलापल्लीच्या डेपोतून आलेले ओंडके मोजावे लागत. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि ते पाण्यालाही दाद देत नाही, हे तिथल्याच एका वृद्ध वाढईनं मला सांगितलं. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूर-बल्लारशाहचंच सागवान गेलं, तेव्हा त्या वाढईची आठवण झाली.

त्याच वर्षी आपली परीक्षा झाली. २३ सप्टेंबरची पहाट कुणी विसरलं नसेल. घरोघरी महालक्ष्म्या बसलेल्या, त्या दिवशी विसर्जन. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, नागनदी फुगली आणि तळमजल्यावर आमच्या घरात दोन फूट पाणी. कार्यालयातलं प्लायवुडचं कपाट खालून फुगलं, त्याचे थर सुटले. सभासदांचं रजिस्टर आपण पंख्याखाली एकेक पान करून वाळवलं, आठवतं ना?

माझी आलमारीही पाण्यात होती. पॉलिश पांढरं पडलं, दार अडू लागलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, आता काढून टाकू जी हिला." मी महिनाभर थांबायला सांगितलं. उन्हात ठेवली असती तर फळ्या तडकल्या असत्या, म्हणून दारं उघडी टाकून सावलीतच वाळू दिली. दार आपोआप लागायला लागलं.

इकडे मोटर, मीटररूम आणि वायरिंगमध्ये सोसायटीचा फंड संपला होता. नव्या लोखंडी कपाटाचं कोटेशन पाहून कार्यकारिणी गप्प बसली. तेव्हा मी म्हटलं, माझी आलमारी घ्या.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि आम्ही चौघं निवृत्त मंडळी कामाला लागलो. जुनं पॉलिश चपड्याचं होतं. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. आपल्या विदर्भातल्या पळसावर लाखेचे किडे वाढतात, तीच. तो स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून खरवडायची गरजच पडली नाही. स्पिरिटच्या फडक्यानं पुसलं की पांढरे डाग निघाले. मग बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनं फिरवला. भोकं सागाचा भुसा आणि फेविकॉल कालवून बुजवली. पाव किलो चपडा एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळला आणि कापसाच्या बोळ्यावर सुती कापड बांधून पातळ पातळ सात हात दिले. खिडक्या उघड्या, गॅस बंद, स्पिरिट भडकतं. बिजागऱ्या घासून तेल दिलं. सगळा खर्च हजाराच्या आत.

फुगलेल्या प्लायवुडला असं काही करता आलं नाही. ते कबाडीवाल्याकडे गेलं.

आज आपलं शेअर रजिस्टर आणि पंचवीस वर्षांची इतिवृत्तं या आलमारीत आहेत, तीही वरच्या दोन कप्प्यांत. खालचा कप्पा मुद्दाम रिकामा आहे. तिथे उरलेला चपडा एका डब्यात ठेवलाय. कुणाच्या घरी आजीची जुनी पेटी, आलमारी असेल तर टाकून देण्याआधी मला हाक मारा. सकाळी दहानंतर मी मोकळाच असतो.