रेबीज-विषाणूचे पुनर्जनन : प्रतिलोम आनुवंशिकीच्या इतिहासातील एक प्रकरण

आनुवंशिकीची जुनी रीत अशी, की प्रथम बदललेला जीव हाती यावयाचा आणि मग त्या बदलाचे मूळ जनुकात शोधावयाचे. प्रतिलोम आनुवंशिकीत, म्हणजेच रिव्हर्स जेनेटिक्समध्ये, जनुकात हेतुपुरस्सर बदल करून परिणाम पाहिला जातो. पोलिओ, रेबीज यांसारखे विषाणू या रीतीला दीर्घकाल दाद देत नव्हते. कारण त्यांची आनुवंशिक सामग्री आर. एन. ए. ही होय, आणि इष्ट जागी कापण्याजोडण्याची साधने डी. एन. ए.पुरती होती.

१९७० मध्ये टेमिन व बाल्टिमोर यांनी आर. एन. ए.वरून डी. एन. ए. घडविणारे विकर शोधले, तेव्हा वाट मोकळी झाली. १९७८ मध्ये झुरिच येथे वाइसमान यांच्या गटाने जीवाणूंवर वाढणारा क्यू-बीटा विषाणू अशा प्रतिकृतीपासून मिळविला. १९८१ मध्ये रॅकॅनिएलो व बाल्टिमोर यांनी पोलिओच्या बाबतीत तेच साधले.

या यशाला विषाणूंच्या स्वभावाचे साहाय्य होते. पोलिओचा आर. एन. ए. पेशीला संदेश म्हणून थेट वाचता येतो. तंबाखूच्या मोझाइक विषाणूचा नुसता आर. एन. ए.देखील रोग उत्पन्न करतो, हे गीरर व श्राम यांनी ट्युबिंगेन येथे १९५६ मध्येच दाखविले होते. रेबीजचा आर. एन. ए. मात्र संदेशाच्या उलट घडणीचा, सुमारे १२,००० घटकांचा असतो. पेशीला तो वाचता येत नाही. विषाणूचे स्वतःचे विकर तो वाचते, पण तेही तो ‘एन’ प्रथिनाच्या वेष्टनात असेल तरच. उघडा आर. एन. ए. पेशीत सोडणे म्हणूनच व्यर्थ होते.

तेरा वर्षांनी, १९९४ मध्ये, ही अडचण दूर झाली, आणि तीही ट्युबिंगेनमध्येच. श्नेल, मेबात्सिओन व कोन्त्सेलमान यांनी वेष्टनाचे ‘एन’ आणि वाचनासाठी लागणारी ‘पी’ व ‘एल’ ही प्रथिने स्वतंत्र प्लाझ्मिडांवरून पेशीतच निर्माण केली. मुख्य आर. एन. ए. त्यांनी मूळ घडणीचा न घेता त्याच्या उलट घडणीचा घेतला. वरवर पाहता हा द्राविडी प्राणायाम वाटेल. परंतु मूळ घडणीचा उघडा धागा त्या तीन प्रथिनांच्या संदेशांशी जुळून जखडला गेला असता आणि वेष्टन चढण्यापूर्वीच निकामी झाला असता. उलट धाग्याला ही भीती नव्हती. त्यावर वेष्टन चढले, आणि विषाणूच्या विकराने त्यावरून मूळ घडणीचे धागे तयार केले. या प्रकरणातील खरी बुद्धिमत्ता या निवडीत आहे.

पुढील वर्षी याच कुळातील पशुरोगकारक व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू आणि १९९९ मध्ये आठ तुकड्यांचा इन्फ्लुएंझा-विषाणू याच विचाराने हाती आले. २००५ मध्ये तर १९१८ च्या साथीचा विषाणू अमेरिकेत पुन्हा उभा करण्यात आला. त्यावर उठलेला वाद निराधार म्हणता येणार नाही.

रेबीजच्या बाबतीत मात्र लाभ स्पष्ट आहे. युरोपात कोल्ह्यांना आमिषातून दिल्या जाणाऱ्या जुन्या जिवंत लशींपासून क्वचित रोगच उद्भवे. बाह्य प्रथिनातील ३३३ व्या जागी आर्जिनिन नसल्यास विषाणू सौम्य होतो, हे पूर्वीच ठाऊक होते. परंतु एकाच घटकाच्या बदलाने तो पूर्ववत् होण्याचा धोका राही. युरोपात २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या नव्या लशीत त्या जागेचे तीनही घटक बदलले आहेत, आणि ते जनुक दोनदा घातले आहे.