टिळक घराण्याचा ख्रिस्ती वारसा

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यापासून सुरू झालेली मराठी ख्रिस्ती कुटुंबपरंपरा. चित्पावन घरातील टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; पत्नी लक्ष्मीबाई काही काळ दुरावल्या आणि पुढे १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, तेही पतीच्या आग्रहाने नव्हे, स्वतःच्या मनाचा कौल घेऊन. धर्म बदलला, तरी आडनाव, अभंग आणि कीर्तन घरात राहिले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे टिळक मानत. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. शालेय शिक्षण नसलेल्या बाईंचे हे धाडस ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या कीर्तीमागे काहीसे झाकले गेले. पुत्र देवदत्त आणि नातू अशोक यांनी हा लेखनवारसा संपादनाने जपला.